पदकाच्या कडेवरचे नाव

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या हिंदी पलटणींतल्या काही शिपायांना आणि हवालदारांना सर्बियाच्या राजाची पदके मिळाली होती. बाल्कन प्रदेशातल्या त्या डोंगराळ देशात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. पराक्रम गाजवला तो दजला (टायग्रिस) नदीच्या काठी, तुर्कांविरुद्ध, आणि त्याची पावती आली पीटर राजाच्या नावाने. त्या वेळी तो राजा स्वतःच देशोधडीला लागलेला होता आणि बेलग्रेड शत्रूच्या हाती होते. असे घडले याचे कारण साधे आहे. दोस्त राष्ट्रे एकमेकांच्या सैन्यांसाठी ठरावीक संख्येने पदके देत असत. सर्बियाकडून ब्रिटनला जी पदके गेली, त्यांतला एक वाटा हिंदी सैन्यापर्यंत पोचला. ज्यांना ती मिळाली त्यांची नावे ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली गेली. नाव, नंबर, पलटण आणि पुढे पदकाचे नाव: कराजॉर्जेचा क्रॉस, तलवारींसह. ती पाने आजही वाचायला मिळतात.

बाल्कनची जुनी लष्करी पदके जमवणारे जगभर आहेत. आपल्याकडे हा छंद फार थोड्यांना असतो आणि ज्यांना असतो ते बहुधा नाण्यांकडून किंवा टपाल तिकिटांकडून इकडे वळलेले असतात. पण हा विषय पणजीत बसून लिहिण्यासारखा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतल्या घरांचे सोयरसंबंध सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावशी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे इथल्या एखाद्या जुन्या पेटीत इंग्रज सरकारचे, पोर्तुगालचे आणि स्वतंत्र भारताचे अशी तिन्ही सरकारांची पदके एकत्र निघू शकतात. ती वाचायची कशी, हे बाल्कनची पदके फार चांगले शिकवतात, कारण तिथे राजे, सीमा आणि देशांची नावे इतक्या वेळा बदलली की प्रत्येक बदलाची खूण पदकावर उमटली.

सर्बियाचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात तिथे दोन घराणी गादीसाठी भांडत होती. १८०४ साली तुर्कांविरुद्ध पहिला उठाव झाला त्याचा म्होरक्या कराजॉर्जे. हा मूळचा डुकरांचा व्यापारी. १८१५ चा दुसरा उठाव मिलोश ओब्रेनोविचने ताकोवो या गावातून केला. त्या उठावाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८६५ मध्ये, ओब्रेनोविच घराण्याच्या प्रिन्स मिहाइलोने ‘ताकोवोचा क्रॉस’ हे पदक सुरू केले. १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजवाड्यात शिरून शेवटच्या ओब्रेनोविच राजाला आणि राणीला ठार मारले. घराणे संपले, त्यासोबत ताकोवोचा क्रॉसही संपला. गादीवर आला कराजॉर्जेचा नातू पीटर. त्याने पुढच्याच वर्षी, पहिल्या उठावाच्या शताब्दीला, आजोबांच्या नावाचा ‘कराजॉर्जेचा तारा’ काढला. १९०६ पासून युद्धातल्या पराक्रमासाठी त्यावर आडव्या तलवारी आल्या. अधिकाऱ्यांच्या ताऱ्यावर पांढरे मीनाकाम असते आणि शिपायांसाठी वेगळा, साधा तारा होता; ‘लंडन गॅझेट’मधला ‘कराजॉर्जेचा क्रॉस’ तो हाच. म्हणजे एखादे सर्बियन पदक हातात आले की कोणत्या घराण्याची खूण आहे एवढे पाहूनच ते १९०३ च्या आधीचे की नंतरचे, हे सांगता येते. ताकोवोचा क्रॉस दुर्मीळ का, याचेही उत्तर त्यातच आहे. जो राजवंश उरला नाही त्याची पदके पुन्हा कोण पाडणार?

बल्गेरियाने ‘शौर्यासाठी’ हे आपले मोठे पदक १८८० च्या पहिल्या दिवशी सुरू केले. रुमानियाचे ‘मिहाई द ब्रेव्ह’ हे पदक १९१६ चे. मॉन्टेनेग्रो तर इतका चिमुकला देश, पण तिथल्या न्येगोशने १८४७ मध्येच ‘ओबिलिच पदक’ काढले होते. न्येगोश हा एकाच वेळी धर्मगुरू, राज्यकर्ता आणि आपल्या भाषेतला थोर कवी. १९१३ मध्ये सर्बियानेही शौर्यपदकावर त्याच मिलोश ओबिलिचचा चेहरा घेतला. हा ओबिलिच म्हणजे १३८९ च्या कोसोवोच्या लढाईतला योद्धा. परंपरा अशी सांगते की शरण आल्याचा बहाणा करून तो सुलतान मुरादच्या तंबूत शिरला आणि त्याने सुलतानाला ठार केले. मराठी वाचकाला इथे प्रतापगड आठवल्याशिवाय राहणार नाही. सव्वापाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा शिपायाच्या छातीवर लावावा असे एका राष्ट्राला वाटते, तेव्हा त्या राष्ट्राच्या मनात काय खदखदते आहे हे कळायला इतिहासाचा ग्रंथ लागत नाही.

ऑक्टोबर १९१२ मध्ये मॉन्टेनेग्रो, सर्बिया, बल्गेरिया आणि ग्रीस एकत्र येऊन तुर्की साम्राज्यावर तुटून पडले. काही महिन्यांत त्यांनी युरोपातला तुर्कांचा जवळजवळ सगळा मुलूख घेतला. आणि १९१३ च्या उन्हाळ्यात, लुटीच्या वाटणीवरून, तेच मित्र एकमेकांशी लढले. सर्बियाने या दोन युद्धांसाठी दोन वेगळी स्मृतिपदके काढली. १९१२ च्या पदकावर कोसोवोचा सूड पुरा झाल्याचे शब्द आहेत. १९१३ चा क्रॉस बल्गेरियाविरुद्धच्या युद्धाचा आहे. एकाच शिपायाच्या छातीवर ही दोन्ही पदके शेजारी शेजारी असत. एक ज्याच्या खांद्याला खांदा लावून मिळवले, दुसरे त्याच्याशीच लढून.

मग १९१५ चा हिवाळा. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि बल्गेरिया तिन्ही बाजूंनी सर्बियात घुसले. शरण न जाता सर्बियाचे सैन्य, म्हातारा राजा आणि असंख्य सामान्य माणसे बर्फातून अल्बेनियाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे निघाली. थंडीने, भुकेने, तापाने वाटेत हजारो मेले. जे जगले ते जहाजांनी कोर्फू बेटावर पोचले. त्यांच्यासाठी १९२० मध्ये ‘अल्बेनियाची स्मृती’ नावाचे पदक काढले गेले. माझ्या मते बाल्कनच्या सगळ्या पदकांत हे सर्वांत बोलके. ते जिंकल्याबद्दलचे नाही, माघारीत जिवंत राहिल्याबद्दलचे आहे. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९१५ पासून, मेसोपोटेमियातल्या कुट या गावात सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. घोड्यांचे मांस खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले आणि कैद्यांचे तांडे वाळवंटातून उत्तरेकडे हाकले गेले. त्या वाटेवर कितीतरी मेले. अल्बेनियाच्या बर्फातला सर्ब शिपाई आणि कुटचा मराठा शिपाई एकमेकांना ठाऊक नव्हते, पण एकाच शत्रुगटाशी लढत त्यांनी तो हिवाळा काढला.

बाल्कनच्या पदकांबरोबर माणसांच्या कथाही येतात आणि त्यांतली मिलुंका साविच हिची कथा मी कुणालाही सांगायला तयार असतो. खेड्यातली ही मुलगी पुरुषाचे कपडे घालून बाल्कन युद्धांच्या काळात सर्बियन सैन्यात शिरली. जखमी झाल्यावर ती स्त्री असल्याचे उघड झाले, तरी तिने लढणे सोडले नाही. कराजॉर्जेचा तारा तिला दोनदा मिळाला, फ्रान्सनेही तिला आपली मोठी पदके दिली. युद्ध संपल्यावर ती बेलग्रेडमध्ये एका बँकेत झाडलोट करून जगली आणि १९७३ मध्ये वारली. तिच्याच काळातली फ्लोरा सँडिस ही इंग्रज बाई परिचारिका म्हणून सर्बियात गेली, माघारीच्या धामधुमीत बंदूक हाती घेऊन सैन्यात भरती झाली, १९१६ मध्ये हातबॉम्बने जबर जखमी झाली आणि तिलाही तो तारा मिळाला. या दोघींची पदके त्यांच्या नावासकट ओळखली जातात म्हणून त्यांना मोल आहे. त्याच साच्यातला दुसरा तारा, ज्याचा धनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही, तो सुंदर असेल, दुर्मीळही असेल, पण मुका असतो.

हीच या छंदातली मुख्य गोष्ट आहे. सर्बिया, बल्गेरिया, रुमानिया इथली पदके सहसा कोऱ्या कडेची असतात. त्यांच्यावर मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले नसते. पदकासोबत सनद मिळे, पण सनद फाटते, जळते, देश सोडताना मागे राहते. सनदेपासून पदक सुटले की ते कुणाचे होते हे सांगायला जगात काही उरत नाही. इंग्रज सरकारची रीत वेगळी होती. पहिल्या महायुद्धातली १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि विजय पदक ही तिन्ही पदके नाव कोरून दिली जात. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असे. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, त्यामुळे आपले आडनाव ओळखायला कधी कधी ते मोठ्याने वाचावे लागते. स्वतंत्र भारताच्या सैन्यानेही ही रीत पुढे चालवली.

या कोरलेल्या नावाचे मोल किती आहे, हे बसऱ्याच्या स्मारकावरून समजते. मेसोपोटेमियात मेलेल्या, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. इंग्रज सैनिकांची नावे तिथे दगडावर कोरली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. पण हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत; पलटणीखाली फक्त आकडा दिला, इतके मेले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धथडगी आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला. कोकणात आणि घाटावर कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडाच. म्हणून मी म्हणतो की त्या काळच्या एखाद्या मराठा शिपायाचे नाव धातूवर कोरलेले जगात एकच ठिकाण असू शकते, आणि ते म्हणजे रुपयाहून थोड्या मोठ्या चकतीची कडा. ती चकती त्याच्या घरच्यांकडे आहे की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

पुष्कळांकडे ती आता नाही. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे. अडीअडचणीला ते सोनाराकडे गेले आणि वितळले. १९८० च्या आसपास जगभर चांदीचे भाव चढले तेव्हा इंग्लंडमध्येही ही पदके ढिगांनी वितळवली गेली. मजूर तुकड्यांना हेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले होते. खेचरे हाकणारे, रस्ते बांधणारे, सामान वाहणारे असे कितीतरी हिंदी लोक त्या युद्धात होते आणि बाल्कनमधल्या सालोनिकाच्या आघाडीवरही आपली खेचरांची पथके गेली होती. काशाचे पदक वितळवून पैसे मिळत नसत, तरीही ते आज चांदीच्या पदकाहून कमी दिसते, कारण मुळात दिलेच थोडे गेले. तुमच्या घरात लालसर रंगाचे असे पदक असेल तर ते हलके समजू नका.

गोव्याकडे वळलो की पुन्हा कोऱ्या कडेचा प्रश्न येतो. पोर्तुगालच्या पदकांवरही सहसा नाव कोरलेले नसे. १८६३ मध्ये राजा लुईशने लष्करी पदक सुरू केले. त्याचे तीन प्रकार होते: शौर्य, उत्तम सेवा आणि आदर्श वर्तन. शिस्तीत बरीच वर्षे नोकरी केलेल्या शिपायाच्या वाट्याला येण्याजोगे पदक म्हणजे यांतले तिसरे. इथेही वेळ ओळखायची खूण सोपी आहे. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. पदकावर मुकुट असेल तर ते त्याआधीचे. सर्बियात घराणे बदलल्यावर जे झाले, तेच इथे राज्यपद्धती बदलल्यावर झाले.

आपल्या डिचोली-सत्तरीच्या इतिहासात पदकांची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला लढायला जाण्याचा हुकूम आला. त्यांनी नकार दिला, हत्यारे घेऊन सत्तरीत गेले, नाणूसच्या किल्ल्यात शिरले आणि दादा राणे त्यांना मिळाले. बंड मोडायला लिस्बनहून फौज आली, सोबत राजा कार्लोसचा धाकटा भाऊ आफोंसू. पोर्तुगालने त्याच दशकात राणी आमेलियाच्या नावाने मोहिमांचे पदक सुरू केले. ज्या वसाहतीत लढाई झाली तिचे नाव आणि वर्ष त्यावर असे. जिंकणाऱ्याच्या बाजूच्या शिपायाला पदक मिळते, हरलेल्या बंडखोराला ते देणार कोण? सत्तरीतल्या त्या शिपायांची आठवण राहिली ती लोकांच्या तोंडी आणि सरकारी दफ्तरात गुन्हेगार म्हणून. पदकांच्या संग्रहाकडे पाहताना हा रिकामा कोपरा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

पुढेही तेच झाले. पोर्तुगालचे सर्वांत मोठे लष्करी पदक ‘टॉवर आणि तलवार’. १९५४ मध्ये दादराच्या मुक्तीच्या वेळी मारला गेलेला गोवेकर पोलीस अधिकारी आनिसेतु दु रोझारियु याला ते मरणोत्तर दिले गेले. त्यानंतर वर्षभराने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. तिथे पडलेल्यांच्या छातीवर कुणी पदक लावले नाही. आज पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १९७२ मध्ये देशभर स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, तेही नावासकट. डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईत भाग घेतलेल्या भारतीय सैनिकांच्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी लागली. या सगळ्या वस्तू एका कपाटात शेजारी ठेवल्या तर गोव्याचे विसावे शतक समोर उभे राहील, आणि माझी मनापासून इच्छा आहे की आपल्या संग्रहालयांत असे एक कपाट असावे.

पोर्तुगीज पदकाचा धनी शोधायचा असेल तर पणजीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इथल्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला प्रमुख. १८३७ पासून निघू लागलेल्या सरकारी गॅझेटात, म्हणजे ‘बोलेतीं’त, नेमणुका, बढत्या आणि मानसन्मान छापले जात. त्याचे जुने खंड पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात पाहता येतात. या ग्रंथालयाचा उगम १८३२ चा. आजोबांचे नाव, गाव आणि नोकरीची साधारण वर्षे एवढे हाती असेल तर शोधाला सुरुवात करता येते. इंग्रजांच्या सैन्यातल्या पूर्वजासाठी ‘लंडन गॅझेट’ आहे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दफ्तर आहे आणि आपल्या जवळ चोर्ला घाटाच्या पलीकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. हे काम वेळखाऊ आहे, पण कडेवर नाव नसलेल्या पदकाला नाव मिळवून देण्याचा दुसरा मार्ग नाही.

मित्रराष्ट्रांच्या पदकांतली एक मालिका मात्र अशी आहे की ती जमवायला लागलेला माणूस सहसा थांबत नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर विजयी राष्ट्रांनी ठरवले की सगळ्यांनी एक विजय पदक काढायचे. फीत सर्वांची सारखी, इंद्रधनुष्याच्या दोन कमानी जोडाव्यात तशी. पुढच्या बाजूला पंखांची विजयदेवी, पण ती प्रत्येक देशाने आपल्या शिल्पकाराकडून करून घ्यायची. त्यामुळे बाल्कनच्या ग्रीसची आणि रुमानियाची देवी वेगळी, पोर्तुगालची वेगळी, ब्रिटनची वेगळी. जपान आणि सयाम यांना ही पंखांची देवी परकी होती, म्हणून त्यांनी आपापले देव घेतले. सयामच्या पदकावर तर नारायण आहे. रायगडच्या शिपायाला मिळालेले, लिस्बनच्या सैनिकाला मिळालेले आणि बुखारेस्टच्या सैनिकाला मिळालेले पदक एकाच रंगीत फितीवर लटकते. तिघांपैकी नाव फक्त आपल्या शिपायाच्या पदकावर आहे.

पदकाचा आराखडा करणाऱ्या माणसांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपले परमवीर चक्र ज्यांनी रेखाटले त्या सावित्री खानोलकर या जन्माने परदेशी, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या, वडील हंगेरियन. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या. खानोली हे गाव पेडण्याहून फार दूर नाही, वेंगुर्ला तालुक्यात आहे. चक्रावर त्यांनी इंद्राची चार वज्रे घेतली, म्हणजे दधीची ऋषींच्या अस्थींचे ते शस्त्र. परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणाऱ्या पहिल्या वीरांपैकी रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे, म्हणजे गोव्याच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या मुलखातले. बाल्कनमध्ये ओबिलिच, आपल्याकडे दधीची: राष्ट्रे आपल्या सर्वांत मोठ्या पदकासाठी जुन्या त्यागाकडे जातात.

आणि बाल्कन आपल्यापासून तितके दूरही राहिले नाही. मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हिया फुटत असताना संयुक्त राष्ट्रांनी तिथे शांतिसेना पाठवली. तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धात वीर चक्र मिळवलेले. वर्षभर त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. त्यांचे मुख्यालय सुरुवातीला साराएव्होला होते, जिथे १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ज्या युद्धाने मराठा पलटणींना कुटच्या वेढ्यात नेले त्या युद्धाची ठिणगी पडली. पुढे बोस्निया आणि कोसोवोत भारतीय पोलीसही गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पदकाची चकती जवळजवळ सगळ्या मोहिमांना सारखीच असते. कुठली मोहीम ते फितीच्या रंगांवरून ओळखायचे. म्हणून या पदकाची फीत बदलणे म्हणजे त्याची ओळख पुसणे.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथला कम्युनिस्ट राज्यकर्ता टिटो याच्या काळातली पदके पोत्यांनी बाजारात आली आणि स्वस्त झाली. राजांच्या काळातली मात्र दुर्मीळच राहिली, आणि दुर्मीळ वस्तूच्या मागे नकली वस्तू येतेच. जुनी सर्बियन पदके बहुतेक पॅरिस आणि व्हिएन्नाच्या कारागिरांनी घडवलेली. मीनाकाम गुळगुळीत आणि सपाट, तलवारींच्या मुठी रेखीव, किरणांच्या कडा धारदार असतात. ओतकाम केलेल्या नकलेत हीच ठिकाणे बोथट दिसतात. नाव असलेल्या इंग्रजी पदकात वेगळी लबाडी असते: जुने नाव घासून दुसऱ्या शूर शिपायाचे नाव कोरलेले असते. घासल्यामुळे कडा बाकीच्या पदकाच्या मानाने पातळ लागते. विकत घेणाऱ्याने नेहमी सगळा संच एकत्र घ्यावा, एकेक पदक सुटे करून विकणाऱ्याला प्रोत्साहन देऊ नये. एका माणसाची तीन पदके तीन देशांत गेली की तो माणूस पुन्हा जुळत नाही.

कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातल्या पदकांनी शंभरी ओलांडली आहे. परदेशातल्या खरेदीदाराने चांगली किंमत सांगितली म्हणून कुरियरने पाकीट पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा केलीच पाहिजे.

गोव्याची हवा धातूला आणि कापडाला सोसत नाही. खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने यांत चांदी काळी पडते, काशाला हिरवट पुटकुळ्या येतात, फितीला बुरशी आणि कसर लागते. तरीही पदक चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये. घासताना आधी झिजतात ती उठावदार अक्षरे. मऊ सुती कापडाने पुसावे, बिनरंगी सुती कापडात किंवा आम्लमुक्त कागदात गुंडाळावे, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी वाळवावी. प्लास्टिकचे मऊ पाकीट, रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी पदक खराब होते. फीत विरलेली असली तरी जुनी फीत टाकू नका. भिंतीवर चौकटीत लावायचे असेल तर उन्हाच्या समोरची भिंत टाळा.

राहिले मुख्य काम, आणि ते संग्राहकापेक्षा घरच्यांचे आहे. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत, सावंतवाडीत, बेळगावात ज्यांच्या घरी असे पदक आहे, त्यांनी भिंग घेऊन कडा वाचावी. नाव असेल तर ते वहीत उतरवावे. कडा कोरी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावे: हे कुणाचे, तो कुठल्या सैन्यात होता, कुठे गेला, परत आला का. मिळेल ते उत्तर शिसपेन्सिलीने कागदावर लिहून, खाली तारीख आणि आपले नाव घालून, तो कागद पदकासोबत त्याच डब्यात ठेवावा. पदकाचे आणि कागदाचे फोटो काढून एक प्रत पणजीच्या अभिलेखागारात द्यावी. सर्बियाच्या हजारो शिपायांसाठी हे करायला आता कुणी उरलेले नाही. आपल्याकडे सांगणारी माणसे अजून आहेत, पण त्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत. तेव्हा पुढच्या चतुर्थीला सगळे कुटुंब घरी जमेल, त्या वेळी पेटी उघडा आणि विचारा.